एक सूत

उणे अठ्ठावीस. हँगरचं दार
हिमाने चौकटीला शिवून टाकलंय.
ओरेस्ट किटलीतल्या कढत पाण्याने टाके उसवतो.
मी मागे उभी, हातात टॉर्च,
काखेत उबवत ठेवलेली बोल्टच्या गोंदाची नळी.

आत ते इंजिन. मोडीतल्या गाडीतून काढलेलं.
दट्ट्या नाही, दांडा नाही,
पोटात नुसते दोन तिकोनी गरगरे.
आता उतारवयात त्याला पंख फुटणार.

सगळं बसलंय. अल्टरनेटर तेवढा
कुठेच मावत नाही.
जुन्या जागी ठेवला तर कवचातून
दाढ सुजल्यासारखा बाहेर येतो,
उजवीकडे पाण्याची नळी, खाली तापणारं एक्झॉस्ट.
दारातून कपाट आत घ्यावं तसा
महिनाभर आम्ही त्याला आडवातिडवा फिरवतोय.

नोव्हेंबरात ओटच्या खोक्याची पट्टी कापली, पुठ्ठ्याची.
मग अ‍ॅल्युमिनियमची. देखणी होती.
साडेनऊ तास.
मग कानापाशी केसाएवढी चीर.
ती त्याने तारीख घालून खिळ्याला टांगली,
आमच्या मेलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याशेजारी.

ही तिसरी पोलादाची,
सासऱ्यांच्या पेरणीयंत्राच्या तव्यातून कापलेली.
दोन्ही कानांत बोल्ट, मागून टेकू.
"एका कानावर लटकलेलं थरथरतंच,"
ओरेस्ट म्हणतो,
आणि आपल्या कानातलं यंत्र दाबून बसवतो.

याची ठिणगी विजेची, पेट्रोलचा पंपही विजेचा.
अल्टरनेटर थांबला तर बॅटरी
चाळीस मिनिटं पुरते.
चाळीस मिनिटांत इथून कुठवर जाता येतं
ते मी कधी विचारलेलं नाही.
नकाशा मात्र घडी करते तेव्हा पाहते.

शेपूट ट्रॅक्टरला बांधून चालू केलं.
पट्टा किंचाळला. काळी भुकटी बर्फावर.
ताणला, सैल केला, पुन्हा ताणला. किंचाळतोच.

तेवढ्यात थेल्मा आली, आमचं फावडं परत करायला.
एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेली बाई.
इंजिन बंद करायला लावलं. बोलली काही नाही.
हातमोज्याच्या अंगठ्याची लाल लोकर उसवली,
दोन पुल्यांच्या कडेवरून ताणून धरली,
एक डोळा मिटला.

एक सूत.
अल्टरनेटर तेवढा पुढे.
महिनाभर आम्ही जागा मोजली, ताण मोजला,
दोघे एका रेषेत आहेत का
हे कुणी पाहिलंच नव्हतं.
ओरेस्ट माझ्याकडे बघून हसला. मी नाही हसले, लगेच तरी.

वॉशर काढले. गोंद अजून कोमट होता.

दुसऱ्यांदा चालू केलं तेव्हा
तो कॉकपिटमधून हाताने विचारत होता: किंचाळतोय?
गारठ्याने त्याच्या कानातलं यंत्र बंद पडलं होतं.
मी मान हलवली, नाही.
त्याला पटेना.
मग त्याने काट्याकडे बोट केलं
आणि बोटांनी मला दाखवलं, दहा,
आणि वर चार.

थेल्मा उघड्या अंगठ्यावर फुंकर घालत
कधीच निघून गेली होती.
फावडं पुन्हा घेऊन.