तिकिटावर कोण

तिकिटावर हर्षदा भरमू उचगावकर,
पासपोर्टवर मालन परशराम येळ्ळूरकर.
टिळकवाडीच्या एजंटानं दोन्ही कागद शेजारी ठेवले
आणि विचारलं, "वैनी, ह्यातलं कोण जाऊलंय?"
मी हसले.
मग एकदम हसू थांबलं.

येळ्ळूर ते उचगाव, मध्ये फक्त एक शहर.
आमच्याकडं आडनावातच गाव असतं,
लग्नात बाईनं तेवढं बदलायचं.
पण माझं पुढचं नावही बदललं.
पितळी ताटात बासमती पसरला,
ह्यांनी अंगठीनं त्यात हर्षदा काढलं,
रफार चुकला, तळव्यानं पुसून पुन्हा काढलं.
मावससासू म्हणाली, आवडलं न्हवं?
मी मान हलवली.
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.
सगळी जेवली.
मीही, वर आमटी घेऊन.

लेक त्या जहाजावर पहाटे तीनला पाव भाजते.
घरच्यांच्या सवलतीत तिनंच तिकीट काढलं,
मुरगावहून कोलंबो, चार रात्री.
आईचं नाव जन्मभर ऐकलं तेच लिहिलं.
मालन तिला कुणी सांगितलीच नव्हती,
ती शाळेच्या दाखल्यात घडी होऊन ट्रंकेत होती,
तिथनं निघाली ती थेट पासपोर्टात.

घरातले सगळे कागद काढले.
आधारवर मी उच्चगावकर, फुकटची उच्च.
मतदार यादीत हर्षद, पुरुष, वय एक्कावन्न.
विजेच्या बिलावर अजून मामंजी,
वारून अकरा वर्षं झाली.
लग्न कुठं नोंदवलेलं नाही.
पत्रिका सापडली, हळदीचा डाग जिथल्या तिथं:
चि. सौ. कां. मालन.
हर्षदा पत्रिकेत नाहीच.
ती फक्त तांदळात होती.

रजिस्ट्रारच्या खिडकीत बाईंनी विचारलं,
"हेसरु एनु री?"
"यावदु?" मी म्हटलं. कुठलं?
त्यांनी चष्म्यावरून बघितलं,
आणि खुर्ची सरकवत मराठीत म्हणाल्या,
"बसा की. मी बी म्हायेरची बसव्वा."
समोर टेबलावर पाटी होती, शैलजा.
शिक्क्यावर गाव बेळगावी,
माझ्या पासपोर्टात जन्मस्थळ बेळगाव.
गावाला मात्र कुणी
प्रतिज्ञापत्र मागितलं नाही.

सगळं रीतसर करायला दोन महिने,
जहाजाला अठरा दिवस.
रात्री लेकीचा फोन.
"आई, तिकिटावरचंच बदलूया, ते सोपं आहे.
पासपोर्टवर कसं आहे ते सांग."
एकेक अक्षर सांगितलं.
"मालन? ही कोण गे?"
"मी."
पलीकडं कसली तरी मशीन फिरत होती.
मग ती म्हणाली, "चांगलं आहे की,"
आणि जरा थांबून,
"पावाला एखादं नाव ठेवायचं झालं तर हेच ठेवीन."
काहीतरीच बोलते.

चोर्ल्याच्या वळणांवर ह्यांना दोनदा उलटी झाली.
बंदरावर पंखे, रांगा, गळ्यात पट्टे घातलेली पोरं.
एका मुलीनं कागद बघून पुकारलं,
"मालन येळ्ळूरकर."
अशी पूर्ण हाक शेवटची
सातवीत, हजेरीला.
तोंडात "हजर" आलंच होतं,
गिळलं.

ह्यांचं लक्ष नव्हतं.
दोन बॅगा पायांत धरून बाकावर बसलेले,
हर्षदा कधी पुकारतात त्याची वाट बघत.
मी पासपोर्ट पुढं केला.
मुलीनं फोटो बघितला, मला बघितलं,
पुन्हा फोटो,
शिक्का मारला.

ह्यांना हाक मारायला पाहिजे होती.
मारली की.
पण थोड्या वेळानं.