एका हाताचे पैसे

साखर पेठेत, चटणीच्या दुकानावर
सुनंदा गुर्रमचं पार्लर.
शेंगा कुटल्याचा वास जिन्याने वर येतो
आणि तापल्या मेणात मिसळतो.
एप्रिलची दुपार, खुर्चीचं रेक्झिन पाठीला चिकटलेलं.

लग्न नणंदेच्या मुलीचं. झंपर बिनबाह्यांचा.
‘एवढे केस घेऊन उभी राहणार फोटोत?’
असं कुणी म्हणालं नव्हतं खरं तर.
मीच म्हणाले होते आरशाला,
कुणाच्या तरी आवाजात.

उजवा हात झाला.
पट्टी, फुंकर, खस्सकन्.
डोळ्यांत पाणी. सुनंदा म्हणाली, होते सवय.
डावा पुढे केला
आणि लाईट गेली.

बोळातले सगळे माग एका दमात गप्प.
एवढी शांतता आमच्या पेठेत
लाईट गेल्यावर, नाहीतर कुणी गेल्यावर.
तासभर पुठ्ठ्यानं वारा घेतला,
मेण भांड्यात थिजत गेलं.
‘रेपु ये, वदिना,’ सुनंदा म्हणाली.
दोन्ही हातांचे पैसे देऊन
एका हातानिशी घरी आले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात, टॉवेलच्या कडा शिवताना
रुईचा धुरळा नेहमीसारखा उडत होता.
डाव्या हातावर अडकायचा,
सुट्टीपर्यंत हात म्हातारा.
उजव्यावरून घसरून जायचा.
उजव्याला पंख्याचा वारा नव्यानं कळला,
गार, थेट, जरा लाजवणारा.
आवडला मला. खोटं कशाला बोलू?
पण डाव्याला माशी
बसायच्या आधीच कळते.

महादेवी हसली, ‘तुला एकाच बाजूनं कातरलंय गं!’
परदेशी मालाला आम्ही तसंच कातरतो.
कातरलेली बाजू गालाला मऊ,
न कातरलेली पाणी टिपते.
गिऱ्हाईक दोन्ही मागतं.

आईनं बिड्या वळता वळता दोन्ही हात बघितले.
‘आमच्या हातांवर तंबाखूच बसायची.
केस कुणाला दिसले?’
आणि पान कातरत राहिली.

हर्षिता चौदाची. रात्री अंथरुणात
एकेक हात चाचपून म्हणाली,
‘मी पण करू?’
मी विचारलं, ‘आवाज कुणाचा येतोय तुला?’
तिला काही कळलं नाही.
किंवा कळलं,
कुशीवर वळली तेव्हा.

लग्न झालं. जेवण बरं होतं.
फोटोत कुठला हात पुढे आलाय
ते मी सांगत नाही.

जिन्याखालून जाते अधूनमधून.
कधी पावशेर चटणी घेऊन तशीच परत,
कधी वर जाऊन भुवया कोरून घेते,
कधी नुसत्याच गप्पा.
‘मन झालं तर येईन,’ सांगून ठेवलंय.
सुनंदाच्या वहीत माझ्या नावापुढे
अजून तसंच आहे :
डावा, बाकी.