एकशे पस्तीस अंश

मे महिना. कूलरच्या वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून
चारी कोपऱ्यांवर चार दौती.
मनगटाखाली टिपकागद,
कारण घामाचा एक थेंब पडला की ट्रेसिंग पेपर फुगतो
आणि कुणाच्या तरी घराची भिंत वाकडी होते.

सिव्हिल लाइन्सच्या त्या कचेरीत मी ट्रेसर होते.
म्हणजे रेघ दुसऱ्याची, हात माझा.

उरकुडे साहेबांना सीताबर्डीच्या फुटपाथवर
एक पुस्तक सापडलं होतं, पाठ उसवलेलं,
अमेरिकेतल्या अष्टकोनी घरांचं.
सुट्टीत डबा तसाच ठेवून ते दाखवायचे:
हे हडसन नदीकाठचं, डोक्यावर काचेची टोपी.
हे विस्कॉन्सिनचं, पोटात गोल जिना.
ही शाळा. मधोमध शेगडी, भिंतींना लागून बाकं.
आणि हा गोठा. गाईंनासुद्धा, निखाडे, गाईंनासुद्धा!
सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे एकाला सुचलं
की तेवढ्याच भिंतीत जास्त घर मावतं.
दहा-बारा वर्षं लोकांनी ऐकलंही त्याचं.
मग नाही ऐकलं.

"आपल्या उन्हाला हे चालतं," साहेब म्हणायचे.
"चौकोनी घराची पश्चिम भिंत
अख्खी दुपार एकटी भाजते.
इथं भिंती ऊन वाटून घेतील,
वरच्या टोपीतून गरम हवा पसार."
खिडकीबाहेर शिपाई
वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होता.

त्रिमूर्तीनगरला प्लॉट होता त्यांचा.
मी ते घर ट्रेस केलं, सुट्टीसुट्टीत, एकवीस दिवस.
आठ भिंतींत चौकोनी खोल्या बसवल्या
की त्रिकोण उरतात.
एकात देवघर. एकात पापडाचे डबे. एकात मीटर.
चौथ्याचं काय करायचं, साहेबांनाही ठाऊक नव्हतं.
मी तिथे काहीच लिहिलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा एक जागा
माझ्या मर्जीनं रिकामी राहिली.

बिसेन मिस्त्रीनं गुण्या लावून पाहिला,
पुन्हा लावला, मग खाली ठेवला.
"साहेब, हे काटकोनात येऊनच नाही राहिलं."
"यायचंच नाही ते, मिस्त्री."
शेजाऱ्यांनी विचारलं, घर होय का पाण्याची टाकी?
राहायला गेल्यावर वहिनी म्हणाल्या,
कपाट भिंतीला टेकत नाही,
मागे पोरांचे चेंडू जातात
ते परत येत नाहीत.

मला आवडलं होतं ते वेगळंच.
मी सगळीकडे कोपऱ्यात बसत आले:
वर्गात, लग्नांत,
कचेरीत स्टोअरच्या दाराशी.
या घरात कोपरा अरुंद नाही.
इथं कोपऱ्यात बसलं तरी
माणूस खोलीतच असतो.

साहेब गेले. कचेरीत कॉम्प्युटर आले,
माझ्या दौती वाळून गेल्या.
परवा गुडघ्याला पट्टा बांधून
गेले एकदाची बघायला.
टोपीवर पत्रा ठोकलाय. रंग गुलाबी.
भिंती मोजल्या. सात.
परत मोजल्या, रिक्षावाला थांबवून.
आठवी रस्ता रुंद करताना गेली म्हणे;
तिथे आता शटर, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज.
चौथा त्रिकोण आत असेल की गेला तिच्यासोबत,
बाहेरून कळत नाही.
माझ्याकडच्या अमोनिया प्रिंटमध्ये अजून आठ आहेत
आणि उजवीकडे खाली, बारीक अक्षरात:
ट्रेस्ड बाय, इं. नि.

कोपऱ्यावर बाहेरून तळवा ठेवला.
पसरट, उन्हानं कोमट.
न मोजता कळलं, एकशे पस्तीस.

शटरखालून एक पोरगा डोकावला.
"काय पाहून राहिल्या, बाई?"
"कोन."
"कोन?" म्हणत त्यानं माझ्यामागे पाहिलं.
रस्त्यावर
कुणीच नव्हतं.