अष्टमीची ओहोटी

एक्स-रेत ती आडवी दिसली,
खडकाच्या चिरेत कालव रुतून बसतं तशी,
पुढच्या दाढेला डोकं लावून.
अक्कलदाढ, डॉक्टरीण म्हणाली.
त्रेचाळिसाव्या वर्षी आलेली अक्कल,
तीही आडवी.
काढावी लागेल मावशी, कधी येताय?

मी तारखा नाही, तिथी मोजल्या.
अमावास्येला उधाण, कालवांचे चार दिवस,
ते कोण सोडतं.
मग चतुर्थीचा उपास.
मग गुणाजी सारंगानं सांगितलं,
त्याची काढली तेव्हा आठ दिवस जबडा उघडेना,
बायकोनं पेज गाळून पाजली.
सांगताना तो तोंडभर हसत होता,
दाढेखाली सुपारी फोडत होता.
मी सुपारी पाहिली नाही. जबडा तेवढा ऐकला.

रात्री लवंग, लवंगेवर मशेरी,
आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच,
नको म्हटलं तरी.
माका भिती वाटता,
हे तीन शब्द मी घरात कुणाला म्हटले नाहीत.
वीस वर्षं मांडीभर पाण्यात वाकलेली बाई,
कालवाच्या धारेनं दोनदा तळवा फाडून घेतलेली,
हळद भरून पुन्हा खडकावर गेलेली,
तिनं सुईला भ्यावं?
पण तळवा दिसतो.
तोंडात कोण काय करतं ते दिसत नाही.

अष्टमीला भांग.
पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
कालवांचे खडक बुडालेलेच राहतात.
सबब संपली.
आठाची पाऊणपट सहा.
सहाला भरती, बाराला ओहोटी.
माझा नंबर बाराचा.
तांबळडेगहून निघालेली एसटी
मिठबावच्या चढावर धापा टाकत होती,
बंद पडली तर बरं, असं मी एकदाच म्हटलं.
बंद पडली नाही.

खुर्ची मागे कलली.
मोजे घालण्याआधी पोरीच्या हातावर
उतरत आलेली मेंदी दिसली.
मी म्हटलं, आधी हत्यार बघू दे.
ती थांबली. असं कुणी मागत नसावं.
मग माझ्या हातात दिलं.
चिमुकली कोयतीच. टोक चपटं, जरासं वळलेलं.
ओढतंस काय?
नाही मावशी, फटीत घालून फिरवते.
बरोबर.
ओढते ती नवखी, तिच्या हातात शिंपल्याचा चुरा येतो.

भीती गेली नाही.
पण आता तिला धरायला मूठ होती.

आधी ओठ गेला, मग जिभेची कड, मग हनुवटी,
पाणी खाली खाली सरकतं तसं.
उघडे राहिले ते आवाज,
करकर, मग कडकन्,
माझ्याच डोक्यात, तरी शेजारघरी
कुणी नारळ फोडतंय असे.
मी कालवं मोजते तशी मोजत होते, पाच पाच करून.
पंच्याऐंशीला ती म्हणाली, झालं.

ताटलीत ती. दोन मुळं, एक वाकडं.
तोंडात कापूस, म्हणून बोट दाखवलं.
पोरीनं कागदात बांधून दिली.

भरती सहाची,
ठणका चारलाच आला.
सगळंच तिथीनं चालत नाही.
गार पेज, डाव्या बाजूनं, चमचा चमचा.
रात्री गुणाजी आला, गालाकडे बघून म्हणाला,
माझो याच्यापेक्षा मोठो झालेलो.

पौर्णिमेला पाणी खूप आत गेलं.
पहिल्याच कालवाच्या फटीत कोयती घातली
आणि हात थांबला.
याला कुणी सुई देत नाही,
आधी हत्यार दाखवत नाही.
पाठीमागून यमुनेनं विचारलं, काय झाला गो?
काय नाय, म्हटलं.
आणि फिरवली.

सांजेपर्यंत साडेतीन शेकडे.
मधूनमधून जीभ
त्या रिकाम्या खळग्यात जाऊन येत होती.