कुपी

ग्रोनिंगनच्या सपाट शेतांखालून
एकतीस वर्षं वायू उपसण्यात गेली राइंटची.
आता घरी बसून तो पाण्यात वायू सोडतो,
सेकंदाला दोन बुडबुडे.
झडपेची सुई फिरवताना श्वास धरतो,
तान्ह्याचे कान टोचणाऱ्या सोनारासारखा.

दुपारी रोटालाच्या लाल शेंड्यांना
प्राणवायूचे मोती फुटतात,
एकेक सुटून वर जातो,
आणि फेना विणकाम थांबवून म्हणते,
"आज खूश दिसतायत तुझी झाडं."

रात्री हीच झाडं
माशांच्या ताटातलं खातात.
म्हणून दिवे मालवायच्या तासभर आधी तो वायू बंद करतो,
म्हणून पंपाचा पाइप
पाण्याच्या सायीला सतत खिजवत ठेवतो.

काचेला आतून चिकटलेली एक कुपी आहे.
निळी, तर झाडं उपाशी. पिवळी, तर मासे गुदमरले.
मोडाच्या मुगासारखी हिरवी, तर बरं चाललंय.
फक्त, ती दोन तास मागचं सांगते.
भिंतीतली भेग मोजून गेलेल्या माणसाचं पत्र तर
अकरा महिन्यांनी आलं होतं:
रुंदी तीन मिलिमीटर.
तोवर ते पत्रच घडी घालून तिच्यात मावत होतं.

मार्चमध्ये, पहाटे चारला, जमीन पुन्हा हलली.
थोडीच. कपाटातल्या कपबश्या आपसात कुजबुजल्या.
फेना जागीच होती. काही बोलली नाही.
सहाला घड्याळाने रोजच्यासारखा वायू सोडला.

आठला टाकीतलं पाणी आरसा झालेलं.
इतकं देखणं, की राइंट क्षणभर बघतच राहिला.
मग दिसलं:
पाइप चार बोटं खाली घसरलेला,
बावीस निऑन वर तोंडं लावून पाणी चघळतायत,
आणि कुपी हिरवीगार.

त्याने झडप आवळली. पाइप वर ओढला.
फेनाने न सांगता दुधाचं भांडं आणलं
आणि चहा निववावा तशी उंचावरून धार धरली,
पुन्हा भरलं, पुन्हा धार,
गाऊनची बाही कोपरापर्यंत भिजली.

एक मासा खाली गेला. मग तीन. मग बरेच.
दोन तसेच वर राहिले, आडवे.

दहाच्या सुमाराला, कॉफी गार झाल्यावर,
कुपी सावकाश पिवळी पडली.
"कळलं, बाई," राइंट तिला म्हणाला,
"कळलं."