शून्य पूर्णांक आठ

सिंदेवाहीच्या पेट्रोल पंपाला लागून माझी व्हॅन,
चाकं काढलेली, विटांवर उभी.
तिच्या पासिंगचं विचारू नका.
आत एक मशीन, एक कॅमेरा, एक प्रिंटर,
उरलेल्या जागेत मी, ऋषी बोरकुटे.

श्रावण सुटतो, मासळीचा धंदा उघडतो,
तान्हा पोळा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी
सायत्रा शेंडे येते.
शंभर सीसीची गाडी, मागे थर्माकोलचा डबा,
डब्याला सायकलच्या ट्यूबचे दोन फेरे,
टाकीवर चिकटलेलं मरळीचं एक खवलं,
गेल्या वर्षीचंच असावं, मी त्याला ओळखतो.

नऊ वर्षं झाली.
सायलेन्सरमध्ये नळी सारायची, थोडी रेस द्यायची,
आकडा दरवर्षी तोच: शून्य पूर्णांक आठ.
एकदा सात आला.
"काल ऑईल टाकलं ना जी," म्हणाली,
जशी काही चोरी पकडली गेली.

नव्या गाड्या येतात, सीटवर शोरूमचं प्लास्टिक तसंच,
आणि धूर असा की पंपावरचं पोरगं खोकते.
कार्बोरेटर साफ करून आणा म्हटलं
तर विचारतात, किती घेता?
सायत्राने ते कधी विचारलं नाही.
ती विचारते, "मशीनले वास येते का जी, मासोळीचा?"
नाही म्हटलं की बरं वाटतं तिला.

एकदा मीच विचारलं, एवढी कशी जपता?
म्हणाली, पहाटे चारला मामा तलावाची पाळ सोडते,
नवरगावच्या रस्त्याला एक वळण आहे,
तिथं जंगल अंगावर येते.
"कागदासाठी नाही जी.
गाडी बंद पडली तं थ्या वळनावर उतरावं लागते."

यंदा नळी सारली.
शून्य पूर्णांक शून्य.
पुन्हा सारली. शून्य.
प्रिंटर घरघरायला लागलाच होता, मी बटण दाबून बंद केला.
गाडी चांगली आहे, मान्य,
पण एवढी स्वच्छ तर या व्हॅनमधली हवासुद्धा नाही.
सोमवारपासून सगळेच पास होत होते,
रेती वाहणाऱ्या पोरांच्या गाड्यासुद्धा,
आणि मला वाटलं,
गाड्यांनीही श्रावण पाळला असेल.

"फेल झाली का?"
तिचा हात टाकीवर, खवल्याच्या बाजूला.
"नाही. माझीवाली झाली."

तिने नळी उचलली, एका डोळ्याने आत पाहिलं,
फुंकलं. मग सीटखालून सायकलचा एक स्पोक काढला
आणि माशाचं पोट साफ करावं तसा आत फिरवला.
माती पडली. आणखी माती.
कुंभारीण माशीचं घर, सुबक, गोल,
आत एक हिरवी अळी, जरा जरा हलणारी.

आता रेस द्या, मी म्हटलं.
शून्य पूर्णांक आठ.
मी एवढ्या जोरात हसलो की पंपावरचे वळून पाहायला लागले.

तिने ओलसर नोटा दिल्या, कागद प्लास्टिकमध्ये घातला,
किक मारली, आणि मग, पाय खाली न घेताच,
"तुमच्यावाल्या मशीनचं पासिंग कोन करते जी?"
कंपनीचा माणूस येतो, सांगितलं, नागपूरवरून, वर्षातून एकदा.
शेवटचा कधी आला होता ते नाही सांगितलं.

चौकातून तिचा हॉर्न ऐकू आला. तिथे वळण नाही. सवय.

दुपारी रजिस्टर उघडलं.
सोमवारपासून त्रेचाळीस गाड्या, समोर फोन नंबर.
पहिल्याने उचलला नाही.
दुसरा म्हणाला, "पास झाली ना भाऊ? मग काहून फोन?"
अळीला एका कागदावर घेऊन
खिडकीबाहेर बेशरमाच्या पानावर ठेवलं.
तिसरा नंबर साळ्याचा होता.
तो शेवटी लावू म्हटलं,
आणि चौथा फिरवला.