काजळी बाजू खाली

रविवारी पहाटे साडेपाचला
अशोक चौकातून तीन दुचाक्या निघतात.
माझ्या पाठीला टिकाव, मैनुद्दीनच्या मांडीवर आडवी पहार,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि इरेशमअण्णांच्या पिशवीत
यंत्रमागावर उरलेलं पांढरं सूत.
वाट आखायला.

नान्नजच्या अलीकडे माळ सुरू होतो.
पुण्याहून आलेला भाचा विचारत होता,
"मावशी, यात ट्रेक कुठंय?"
कडा नाही, किल्ला नाही, फोटोला धबधबा नाही.
गुडघाभर गवत, सलवारीत कुसळं,
आणि आभाळ एवढं
की माणूस आपसूक हळू बोलायला लागतो.

अण्णा म्हणतात, वाट दोन तऱ्हांनी मरते.
कुणीच चाललं नाही तर,
आणि जो तो हवं तिकडनं चालला तर.
गेल्या हिवाळ्यात पोरं मोटारसायकली घालून गेली.
एका वाटेच्या अकरा झाल्या.
म्हणून आमचं निम्मं काम वाटा बुजवण्याचं:
बाभळीच्या फांद्या ओढून आडव्या टाकायच्या,
चाकांनी दगड झालेली माती सैल करायची,
पवन्याचं बी मुठीनं उधळायचं.
मी जिल्हा परिषदेत आवक-जावक लिहिते.
या बियाला क्रमांक नाही,
पोच कोण देणार, तेही माहीत नाही.

उताराला पाणी वाटेवरूनच धावतं, तिची नाली करून टाकतं.
तिथे दगड तिरपे पुरायचे, ओळीनं,
पाण्याला बाजूला काढून द्यायचं.
किती तिरपे, हे मैनुद्दीन सांगतो.
त्याचं पंक्चरचं दुकान.
"हवा काय, पाणी काय," तो म्हणतो,
"फट हुडकतंय बघा. आपण आधी हुडकायची."
नागव्वा अंतर वितीनं मोजते.
दिवसाला हजार विड्या वळलेली बोटं,
चूक सहसा होत नाही.

भाद्रपदात एकदा गेलो तर
वरच्या ओळीतले तीन दगड गायब.
पन्नास पावलांवर बोरीखाली सापडले:
त्रिकोणात मांडलेले, मध्ये राख,
शेजारी लेंड्या, चहापत्तीचा चोथा.
मेंढरं बसली होती रात्री.
मला राग आला. चार तास खणलं होतं त्या ओळीसाठी.
मी म्हटलं, पाटी लावू या.
"कुणासाठी?" नागव्वानं विचारलं.
"वाचणाऱ्यानं कधी दगड उचललेत?"

अण्णा बोलले नाहीत.
राख हातानं चाचपली, गार होती.
एकेक दगड छातीशी धरून वर नेला,
जुन्या खड्ड्यात बसवला,
काजळी बाजू खाली.
मग शर्टाला हात पुसत परत खाली गेले,
ओढ्यातून दुसरे तीन आणले,
बोरीखाली त्याच जागी मांडले,
आणि हलतात का ते बघितलं.
"ही वाट काय आपण काढली होय?
मेंढरांनीच काढली की.
आपण नुस्तं तुटलेलं जोडलालो."
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.
तार तुटली की माग थांबवायचा, गाठ मारायची,
पुन्हा चालू करायचा.
चादर पांघरणाऱ्याला गाठ टोचली
तर ती गाठ नव्हे, असं त्याचं मत.

परतीचा पाऊस त्या वर्षी उशिरा आला आणि दोन रात्री पडला.
रविवारी चिखल तुडवत पोचलो.
दगडांपर्यंत पाणी वाटेवरून आलेलं दिसत होतं,
तिथून ते वळून गवतात गेलेलं.
खाली वाट ओली, पण शाबूत.
ओळीतला एक दगड मात्र पुन्हा नव्हता.
बोरीखाली चार दगड होते,
चौथ्यावर कुणीतरी बसलं असावं.

एक म्हातारा मेंढरांमागून आला.
"काय करलालाव वो? काय सापडलालंय काय?"
"काही नाही," मी म्हटलं, "वाट नीट करतोय."
त्यानं वाटेकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.
"बरीच हाय की ही," म्हणाला,
आणि दगडांच्या ओळीवरून
खाली न बघता
चालत गेला.

अण्णांनी भाकरीचा डबा उघडला.
मी चौथा दगड आणायला निघाले,
थोडी वाट चालले आणि थांबले.
ओढ्यात अजून पुष्कळ होते.